पक्ष, साध्य आणि मोटर

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी एका कारखान्यात पॅनेलमध्ये डोकं घालून बसलो होतो. म्हणाले, "प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल बोलायचं ठरलंय. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बोलणार आहेत, बँकवाला ठेवींवर बोलणार आहे. तू मोटरीवर बोल." मी म्हटलं, "अरे, जेवणानंतरच्या सत्रात मोटरीवर बोललो तर अर्धा हॉल झोपेल." तर म्हणाले, "झोपू दे. पण आपल्या निम्म्या वर्गाच्या घरी, मळ्यात नाहीतर कारखान्यात एक तरी मोटर आहे, आणि ती एकदा तरी जळालीय. ते लोक जागे राहतील."

तेव्हा आज मी त्या जागे राहणाऱ्यांसाठी बोलतो. बाकीच्यांनी खुशाल डोळे मिटावेत. शाळेतही तुम्ही तेच करत होता.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून सांगतो. दहावीनंतर मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, दोन वर्षं मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारा गुंडाळल्या, मग एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये लागलो, आणि १९९६ पासून स्वतःचं कंट्रोल पॅनेल बनवण्याचं वर्कशॉप चालवतो. म्हणजे मोटर सुरू कशी करायची, थांबवायची कशी, तिचा वेग आवरायचा कसा, हे ठरवणं आणि त्यासाठी लागणारी पेटी बनवून देणं, हा माझा धंदा.

पण या धंद्यातला सगळ्यात मोठा धडा मला आयटीआयमध्ये मिळाला नाही. तो इथेच, या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, नववी 'ब'च्या वर्गात मिळाला होता. आपले भूमितीचे सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सरांचा नियम आठवतोय ना? प्रमेय सोडवायचं तर आधी 'पक्ष' लिहायचा, मग 'साध्य' लिहायचं, मग रचना, आणि सगळ्यात शेवटी सिद्धता. कुणी पक्ष न लिहिता थेट सिद्धतेला हात घातला की सर वही परत फेकायचे. "दिलंय काय ते ठाऊक नाही आणि निघालेत सिद्ध करायला!" हे वाक्य माझ्या वाट्याला वर्षातून दहा वेळा तरी आलंय.

सर, आज कबूल करतो. तुम्ही वही परत फेकत होता तेव्हा मला तो नुसता जाच वाटायचा. त्याचा अर्थ मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळला, आणि त्याची फी दुसऱ्याच कुणीतरी भरली. ती गोष्ट सांगायलाच मी उभा राहिलोय. पण ती समजण्यासाठी आधी थोडी मोटर समजून घ्यावी लागेल.

कारखान्यात, विहिरीवर, गिरणीत जी मोटर असते ती बहुधा थ्री फेज इंडक्शन मोटर. निकोला टेस्ला यांना या कल्पनेचं अमेरिकन पेटंट १८८८ साली मिळालं. पुढच्याच वर्षी डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी पिंजऱ्यासारख्या रोटरची थ्री फेज मोटर तयार केली. आज आपण वापरतो ती मोटर मुळात तीच. तिला ब्रश नाही, घासणारा भाग नाही. बेअरिंगला ग्रीस दिलं आणि वायंडिंग कोरडं ठेवलं तर पिढ्या काढते. म्हणूनच ती जगभर चालली.

पण या गुणी मोटरीच्या दोन खोडी आहेत. पहिली, ती सुरू होताना नेहमीच्या करंटच्या सहा-सात पट करंट ओढते. बंद पडलेली जीप ढकलायला आधी पाच-सहा जणांनी जोर लावावा लागतो आणि एकदा चालू लागली की दोघं पुरतात, तसंच. दुसरी खोडी, ती आपल्या वेगानंच चालते. पन्नास हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटर मिनिटाला पंधराशे फेऱ्यांच्या जरा खाली, म्हणजे साधारण चौदाशे चाळीस-पन्नास फेऱ्यांनी फिरते. तिला हळू चाल म्हणून सांगायचं तर विजेची फ्रिक्वेन्सीच बदलावी लागते.

या दोन खोडी आवरायला बाजारात मुख्यतः चार उपाय मिळतात.

पहिला, डीओएल. म्हणजे डायरेक्ट ऑन लाइन. बटण दाबलं, कॉन्टॅक्टर खटकन बसला, पूर्ण व्होल्टेज थेट मोटरीला. स्वस्त, साधा, तालुक्याच्या गावातला कुठलाही वायरमन दुरुस्त करील असा. साडेसात-दहा एचपीपर्यंत आपल्याकडे सर्रास हाच असतो आणि तो योग्यच आहे. त्याची अडचण मोटर मोठी झाली की सुरू होते. सहा-सात पट करंटनं ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, शेजारचे दिवे मंदावतात, आणि बेल्टला, कपलिंगला झटका बसतो. शिवारात प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो स्विच असतो. लाइट आली की साठ-सत्तर मोटरी एकाच क्षणी उठतात, व्होल्टेज कोसळतं, कुणाचीच मोटर धड वेग घेत नाही आणि शेवटी डीपी उडते. मग आपण वीज कंपनीला शिव्या देतो. प्रत्येकानं ऑटोला वेगवेगळ्या मिनिटांचा टायमर लावला तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

दुसरा, स्टार-डेल्टा. यात मोटर आधी स्टारमध्ये सुरू करतात. प्रत्येक वायंडिंगला सुमारे अठ्ठावन्न टक्केच व्होल्टेज मिळतं, त्यामुळे लाइनमधून येणारा करंट डीओएलच्या एक तृतीयांश होतो. फार छान. पण फिरवण्याचा जोर, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, तोही एक तृतीयांशच होतो, हे विक्रेता सांगत नाही. म्हणून डिलिव्हरी व्हॉल्व बंद ठेवून सुरू केलेला पंप, रिकामा कॉम्प्रेसर, रिकामी गिरणी यांना स्टार-डेल्टा उत्तम. मालानं भरलेल्या कन्व्हेयरला तो कुचकामी. मोटर स्टारमध्ये नुसती कण्हत उभी राहते, टायमर संपतो, डेल्टाचा कॉन्टॅक्टर बसतो आणि जो झटका टाळायचा होता तोच बसतो. वर स्टार्टरचे जादा पैसे गेले ते गेलेच.

तिसरा, सॉफ्ट स्टार्टर. यात थायरिस्टर असतात. ते व्होल्टेज हळूहळू चढवतात, त्यामुळे मोटर उसळी न मारता उठते. थांबवतानाही व्होल्टेज हळूहळू उतरवता येतं. पण इथेही निसर्ग फुकट काही देत नाही. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज निम्मं केलं की टॉर्क पाव होतो. आणि एक लक्षात ठेवा, सॉफ्ट स्टार्टर वेग बदलत नाही. तो फक्त सुरुवात आणि शेवट मऊ करतो. मधल्या काळात मोटर नेहमीसारखीच पळते.

चौथा, व्हीएफडी, ज्याला आपण नुसतं ड्राइव्ह म्हणतो. हा विजेची फ्रिक्वेन्सीच बदलतो, म्हणून वेग आपल्या हातात येतो. मोटरीच्या नेहमीच्या करंटच्या आसपास राहूनच पूर्ण टॉर्क देऊन भार उचलता येतो. भरलेला कन्व्हेयर, होइस्ट, एक्स्ट्रूडर यांच्यासाठी याला तोड नाही. पंखे आणि ब्लोअर यांच्या बाबतीत तर ड्राइव्ह खरोखर पैसे वाचवतो, कारण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ऐंशी टक्के केला तर शक्ती साधारण निम्मीच लागते. शून्य पूर्णांक आठचा घन करून बघा, सर समोर आहेत. ब्लोअर पूर्ण वेगानं चालवायचा आणि डँपर अर्धा बंद करून हवा अडवायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा आणि गाडी ब्रेकवर चालवायची.

पण ड्राइव्हचेही लाड आहेत. त्याला धूळ आणि उकाडा सोसत नाही. ड्राइव्हपासून मोटरीपर्यंतची केबल फार लांब असेल तर मोटरीच्या टोकाशी व्होल्टेजचे उंच काटे उठतात आणि जुनं वायंडिंग फाटतं. त्यासाठी वेगळा चोक किंवा फिल्टर लावावा लागतो. एका फाउंड्रीत वाळूचा कन्व्हेयर दिवसभर पंधरा हर्ट्झवर चालवत होते आणि मोटर तापून जळत होती. मालक म्हणाला, "ड्राइव्ह खराब आहे." ड्राइव्ह बिचारा ठीक होता. मोटरीला थंड करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू फिरणार, भार मात्र तेवढाच. वेगळा छोटा पंखा बसवला, प्रश्न मिटला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्राइव्ह रात्री दोन वाजता बंद पडला तर तो कोण उघडणार? कॉन्टॅक्टर तालुक्याच्या दुकानात मिळतो. ड्राइव्हचं कार्ड मिळत नाही. गुऱ्हाळाचा हंगाम चालू आहे, काहिलीत रस आहे, आणि तुम्ही कार्डाची वाट बघताय, असं होऊ द्यायचं नसेल तर बायपासची सोय आधीच करून ठेवायची.

आता गोष्ट सांगतो.

आपल्याच वर्गातला एक जण नदीकाठच्या गावात शेती करतो. शेवटच्या बाकावर बसायचा, कबड्डीत पकडीला होता. नाव घेऊ नको असं त्यानं मला आज सकाळीच बजावलंय, म्हणून घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. २०११ साली तो त्यांच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा चेअरमन होता. नदीवर जॅकवेल, शंभर एचपीचे दोन पंप, तिथून दोन किलोमीटर लांबीची मेन लाइन माळावरच्या टाकीपर्यंत, आणि सहाशे एकर भिजणारं रान. लाइन वारंवार फुटत होती. एकदा फुटली की दुरुस्तीला आठ-दहा दिवस.

त्यानं मला बोलावलं. मी गेलो. पंप ऑपरेटरनं बटण दाबून एक पंप थांबवून दाखवला. स्टार-डेल्टाचे कॉन्टॅक्टर खाडकन सुटले आणि बाहेर पाइप असा थरारला की पायाखालची जमीन हलली. ऑपरेटर म्हणाला, "स्टार्टरच आपटतोय साहेब." मला तेवढंच पुरलं. रोग समोर दिसत होता आणि औषध माझ्या वर्कशॉपमध्ये होतं. मी सांगितलं, "दोन सॉफ्ट स्टार्टर बसवू. सुरू होतानाही मऊ, थांबतानाही मऊ. बारा सेकंदांत पंप अलगद थांबेल, पाइपला कळणारसुद्धा नाही."

मित्रानं एकच प्रश्न विचारला, "मर्दा, म्हंजी पाइप फुटायचा थांबंल न्हवं?"

मी म्हटलं, "शंभर टक्के."

संस्थेकडे पैसा नव्हता. त्यानं सभा घेतली, एकरी पाचशे रुपये वर्गणी ठरवली. काहींनी कुरकुर केली, पण त्याच्या शब्दाखातर दिली. एप्रिलमध्ये पॅनेल बसलं, नारळ फुटला, पेढे वाटले. मी स्वतः स्टॉपचं बटण दाबलं. पंपाचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि पाइप जागचा हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेऊन घरी आलो.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. दोन्ही पंप चालू होते. वाऱ्यानं कुठेतरी तारा भिडल्या आणि लाइट गेली. पुढच्या काही सेकंदांत चढाच्या तळाशी असलेल्या वाकणावर लाइन फुटली. माळावर चढलेलं सगळं पाणी त्या भोकातून उलटं आलं. पाटकरी तिथून दहा-बारा पावलांवर होता, तो वाचला हे नशीब. ज्या रानातून लाइन जात होती तिथे अक्षय तृतीयेला लागण केलेली एका विधवा बाईंची हळद होती. बेणं मातीसकट ओढ्याला गेलं. आणि ऐन मे महिन्यात अकरा दिवस सहाशे एकराला पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो तेव्हा मला जे उमगलं ते इतकं साधं होतं की लाज वाटली. सॉफ्ट स्टार्टर पंप अलगद थांबवतो खरा, पण तो विजेवर थांबवतो. वीजच गेली तर त्याच्या हातात काय उरलं? बारा सेकंदांत उतरणारं व्होल्टेज एका क्षणात शून्य झालं होतं. दोन्ही पंप एकदम मेले.

पाइपमधलं पाणी म्हणजे दोन किलोमीटर लांबीची आगगाडी समजा. पंप थांबला तरी ती आगगाडी थोडी पुढे जाते, मग चढामुळे थांबते, काही ठिकाणी पाण्याचा स्तंभ तुटून मध्ये पोकळी होते, आणि मग सगळं पाणी उलटं येऊन आपटतं. सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी पोलादी पाइपात एकदम थांबलं, तर साधारण शंभर मीटर उंच पाण्याइतका जादा दाब तयार होतो. त्या लाइनची रोजची चढण बावन्न मीटर होती. दाबाची लाट पाइपातून सेकंदाला सुमारे हजार मीटर जाते, म्हणजे दोन किलोमीटर जाऊन परत यायला चार सेकंद. थांबणं या चार सेकंदांपेक्षा बरंच सावकाश असलं तर पाइप वाचतो. बारा सेकंदांचा माझा हिशोब त्यामुळेच बरोबर होता. फक्त तो लाइट असतानाचा हिशोब होता.

मग मी पंपघरात जाऊन बसलो आणि पहिल्यांदा ऑपरेटरचं रजिस्टर उघडलं. आधीच्या दोन वर्षांत लाइन चार वेळा फुटली होती. चारही नोंदी त्याच्या हस्ताक्षरात होत्या, जवळजवळ एकाच शब्दांत: लाइट गेली, पाइप फुटला. बटणानं बंद करताना तो दोन्ही पंप कधीच एकदम थांबवत नसे. एक थांबवायचा, थोड्या वेळानं दुसरा. पाइप थरारायचा, पण फुटायचा नाही. लाइट मात्र दोन्ही पंप एकदम बंद करून जायची.

सर, पक्ष लिहिलेला होता. खिळ्याला टांगलेल्या वहीत, निळ्या शाईत, तारीखवार लिहिलेला होता. मी तो वाचला नाही. मी सिद्धता बरोबर घेऊन गेलो होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाइपलाइनमधल्या दाबाचं गणित करणारे एक अभियंते आम्ही शोधले. त्यांनी आधी उंचीचा आराखडा मागितला, मग रजिस्टर मागितलं. लाइनवर ठरावीक ठिकाणी झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व आणि नवे एअर व्हॉल्व बसवले. यातल्या एकालाही वीज लागत नाही. त्यानंतर तिथे लाइन फुटलेली नाही. सॉफ्ट स्टार्टर अजून तिथेच आहेत, चांगले चालतात. चूक त्यांची नव्हती.

अलीकडे मित्राच्या मुलानं मला विचारलं, "काका, तेव्हा ड्राइव्ह बसवला असता तर?" त्यालाही तेच उत्तर. लाइट गेली की ड्राइव्हही गेला. शिवाय पंख्यासाठी सांगितलेलं घनाचं गणित तिथे लागू पडत नाही. तो पंप बंद व्हॉल्ववर पंचाहत्तर मीटर दाब देतो. वेग ऐंशी टक्के केला की हा दाब चौसष्ट टक्क्यांवर येतो, म्हणजे अठ्ठेचाळीस मीटर. चढण आहे बावन्न. म्हणजे चाळीस हर्ट्झवर मोटर फिरेल, मीटर फिरेल, आणि टाकीत थेंब पडणार नाही. जिथे पाणी नुसतं गोल फिरवायचं असतं तिथे ड्राइव्ह पैसे वाचवतो. जिथे ते डोंगरावर चढवायचं असतं तिथे आधी चढण मोजायची.

आता जी गोष्ट सांगायला मला तेरा वर्षं लागली ती सांगतो.

जूनमध्ये संस्थेची सर्वसाधारण सभा झाली. मला बोलावलं होतं, मी मागे खुर्चीवर बसलो होतो. लोक चिडलेले होते आणि त्यांचं बरोबर होतं. "पाचशे रुपये एकरी कुठं गेले? कुणी सांगितलं होतं हे बसवायला?" असा प्रश्न झाला. मित्र उठला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "निर्णय माझा व्हता. मला इचारा." बस्स. पुढच्या निवडणुकीत तो पडला. गावात वर्षभर त्याला टोमणे ऐकावे लागले. त्या बाईंच्या हळदीचं बेणं त्यानं स्वतःच्या घरातून दिलं.

मी त्या सभेत उठलो नाही. उठून एवढंच म्हणायचं होतं की यांनी मला विचारलं होतं आणि मी शंभर टक्के म्हटलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण वर्कशॉपचं नाव, पुढची ऑर्डर, गावात आपली होणारी शोभा हे सगळं त्या एका वाक्याच्या आड आलं. नंतरच्या कामाची मजुरी मी घेतली नाही, पण ती सभेत उठण्याची भरपाई होत नाही, हे मला माहीत आहे. त्यानं मला त्यावरून आजपर्यंत एक शब्द ऐकवलेला नाही. मुलाच्या लग्नाला बोलावलं, वाढायला लावलं, घरच्यासारखं वागवलं. आज तो याच हॉलमध्ये बसलाय आणि बहुतेक माझ्यावर चिडलाय. चिडू दे. ती सभा त्याच्या गावातली होती, ही आपल्या वर्गाची आहे. ते वाक्य मी इथे म्हणतो: त्यानं मला विचारलं होतं. शंभर टक्के मी म्हटलं होतं. चूक माझी होती.

त्यानंतर मी माझ्या वर्कशॉपमध्ये एक पद्धत ठेवली. कुणीही पॅनेलची चौकशी करायला आलं की माझ्या पोरांनी आधी एका कागदावर 'पक्ष' असं लिहायचं आणि खाली पाच प्रश्नांची उत्तरं घ्यायची. नवीन पोरं हसतात, पण लिहितात.

पहिला प्रश्न: सुरू होताना भार रिकामा असतो की भरलेला? रिकामा असेल तर स्टार-डेल्टा किंवा सॉफ्ट स्टार्टर चालेल. भरलेला असेल तर ड्राइव्ह, नाहीतर ट्रान्सफॉर्मर सोसत असेल तर सरळ डीओएल.

दुसरा: वेग खरोखर बदलायचा आहे का? नसेल तर ड्राइव्हला पैसे घालायच्या आधी दोनदा विचार करा. पूर्ण वेगानंच चालवायची असेल तर ड्राइव्ह स्वतःच दोन-चार टक्के वीज खातो.

तिसरा: दिवसातून किती वेळा चालू-बंद? तासाला वीस वेळा चालू होणारी मोटर आणि पहाटे एकदा चालू होऊन रात्री बंद होणारी मोटर यांना एकच औषध चालत नाही.

चौथा: ट्रान्सफॉर्मर केवढा, केबल किती लांब, पॅनेल कुठे ठेवणार, आणि बिघडलं तर जवळचा माणूस किती अंतरावर?

आणि पाचवा, जो मला महाग पडला: चालू असताना अचानक लाइट गेली तर काय होईल? पंप असेल तर पाइपचं काय, होइस्ट असेल तर लोंबकळणाऱ्या मालाचं काय, ब्लोअर असेल तर भट्टीचं काय? लाइट परत आली की मशीन आपोआप सुरू होईल का, आणि त्या वेळी कुणाचा हात आत असेल का?

ही पाच उत्तरं लिहिली की त्याखाली साध्य लिहायचं. म्हणजे झटका कमी करायचाय, वीज वाचवायचीय, की वेग आवरायचाय, ते एका ओळीत. मग कॅटलॉग उघडायचा. दहापैकी सात वेळा उत्तर तोपर्यंत आपोआप आलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते माझ्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त पेटीचं असतं. धंद्याला त्यानं तोटा होतो असं वाटत होतं. झाला नाही.

आणखी एक सांगतो. ज्या माणसाचा हात त्या मशीनवर रोज असतो, तो ऑपरेटर, पाटकरी, गिरणीवाला, त्याला आधी विचारा. तो कारण चुकीचं सांगेल कदाचित. "स्टार्टर आपटतोय" हे त्या ऑपरेटरचं कारण चुकलं होतं. पण त्याची नोंद चुकली नव्हती. कारण शोधणं आपलं काम. काय घडलं ते त्यानं लिहूनच ठेवलेलं असतं.

वेळ संपत आला, संयोजक घड्याळ दाखवतायत. सर, तुम्ही परत फेकलेल्या वह्यांबद्दल आभार मानतो. बाकी सगळ्यांना एकच विनंती. चहाच्या वेळी तुम्ही मला गाठणार आणि मोबाइलवर मोटरीच्या नेमप्लेटचा फोटो दाखवून विचारणार, "याला कुठला स्टार्टर?" नेमप्लेट राहू द्या. मोटर काय ओढते त्याचा फोटो दाखवा, आणि पंपघरात खिळ्याला वही टांगलेली असेल तर तिच्या शेवटच्या चार पानांचा.